वाळवलेलं यीस्ट उठवताना

वाळवलेल्या यीस्टची पहिली व्हायल, म्हणजे छोटी काचेची बाटली, उघडली तेव्हा मला वाटलं, अवघड भाग संपला. आतली वडी छान जमली होती. पांढरी, हलकी, सळईचं टोक लावलं की भुगा होणारी. प्लेटवरची, म्हणजे खाद्याच्या थरावर जिवंत पेशी वाढवून केलेली मोजणीही चांगली आली होती. सहा दिवसांनी सफरचंदांचा डबा उघडला आणि प्रत्येक जखमेभोवती मऊ, पाणचट, तपकिरी वर्तुळ दिसलं. मधोमध निळसर हिरवी भुकटी. यीस्ट लावलेलं फळ कुठलं आणि नुसतं पाणी लावलेलं कुठलं, हे चिठ्ठी वाचल्याशिवाय सांगता येत नव्हतं.

काम सांगायला सोपं होतं. झाडावरून उतरवलेलं फळ कितीही जपलं तरी कुठेतरी खरचटतं, शेजारच्या फळाचा देठ त्याला टोचतो. त्या टाचणीएवढ्या जखमेत ओल आणि साखर असते. पेनिसिलियम एक्सपान्सम या निळ्या बुरशीला तेवढं दार पुरतं. शीतगृहातही ती पुरती थांबत नाही, शून्य अंशाच्या आसपाससुद्धा सावकाश वाढत राहते. वर पॅट्युलिन नावाचं विषही तयार करते. सफरचंदाच्या रसात ते किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, अशी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची मर्यादा आहे. बुरशीनाशकं असतात, पण त्यांचा अंश फळावर राहतो आणि बुरशीही हळूहळू त्यांना दाद देईनाशी होते.

म्हणून यीस्ट. बुरशी पोचण्याआधी जखमेत एखादा निरुपद्रवी रहिवासी बसवून ठेवायचा, रुमाल टाकून जागा धरावी तसा. यीस्ट भराभर वाढतं आणि जखमेतलं खाणं संपवतं. काही यीस्ट बुरशीच्या तंतूंना चिकटून त्यांची भिंत विरघळवणारी एन्झाइमं सोडतात, काही फळाच्या स्वतःच्या बचावाला जाग आणतात. माझ्या वाट्याला मेट्श्निकोविया पल्चेरिमा आलं होतं. ते आणखी एक गोष्ट करतं, आजूबाजूचं लोह पकडून पल्चेरिमिन नावाच्या लालसर रंगद्रव्यात बांधून टाकतं. लोह असलेल्या माध्यमावर त्याच्या कॉलनी, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके, गडद तांबड्या दिसतात, त्यामुळे प्लेटवर भलतंच काही उगवलं तर लगेच कळतं. सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या पेशींत तेलाचा एकच मोठा गोळा चमकतो. मला ते दिसायला फार आवडायचं. कामाशी याचा काही संबंध नाही, पण रात्री नऊ वाजता पेशी मोजत बसलं की असल्या गोष्टींचा आधार वाटतो.

ताजं यीस्ट काम करतं हे आमच्या लॅबमध्ये आधीच दिसलं होतं. अडचण पुढची. ताजं म्हणजे शेकरवर २८ अंशांना दोन दिवस वाढवलेलं, धुतलेलं आणि त्याच दिवशी वापरायचं. फळांच्या मोसमात रोज कोण फ्लास्क हलवत बसणार? यीस्ट उपयोगाचं व्हायचं तर ते पाकिटात मावलं पाहिजे, महिनोन्‌महिने टिकलं पाहिजे आणि हवं त्या दिवशी कामाला लागलं पाहिजे. १९९५ मध्ये अमेरिकेत कँडिडा ओलिओफिला या यीस्टचं 'अस्पायर' नावाचं उत्पादन नोंदलं गेलं होतं. पुढे ते बाजारातून गेलं. प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट गोदामात दरवेळी तशीच जमेल असं नाही, हे या क्षेत्रातलं जुनं दुखणं आहे. माझ्या मार्गदर्शक मॅडम मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "वाळवणं हे अर्धंच काम आहे, लक्षात ठेव." मी मान डोलावली होती. मला वाटलं, उरलेलं अर्धं म्हणजे प्रबंध लिहिणं.

वाळवायची पद्धत फ्रीझ ड्रायिंगची. पेशी आधी गोठवायच्या, मग निर्वातात ठेवायच्या. दाब साधारण ६ मिलीबारच्या खाली गेला की बर्फाला पाणी होता येत नाही, त्याची थेट वाफ होते. प्रत्यक्षात यंत्र त्याहून कितीतरी खालच्या दाबावर चालवतात. वाफ यंत्रातल्या थंडगार कॉइलवर बर्फ होऊन बसते आणि व्हायलमध्ये सच्छिद्र वडी उरते. पुस्तकात हे वाचायला गोड वाटतं.

पहिल्या खेपेला मी हावरटपणा केला. व्हायल गळ्यापर्यंत भरल्या. बाहेरून वाळलेल्या दिसल्या, पण पोटात ओल राहिली होती आणि यंत्राबाहेर काढल्यावर तासाभरात मधला भाग बसून चिकट गोळा झाला. दुसऱ्या खेपेला पाव भरल्या आणि आडव्या कलंडवून गोठवल्या, म्हणजे थर पातळ होतो आणि पृष्ठभाग वाढतो. ही वडी कोरडी निघाली. पण त्या खेपेत मी पेशी नुसत्या पाण्यात गोठवल्या होत्या, काय होतं ते पाहायला. तीन शून्यं उडाली. आमच्याकडे असंच बोलतात. मिलिलिटरमागे १०० कोटी पेशी होत्या त्या १० लाखांवर आल्या, की 'तीन शून्यं उडाली'.

तेव्हापासून मी प्रत्येक खेपेत तीनदा मोजायला लागले: गोठवण्याआधी, गोठवल्यावर एक व्हायल वितळवून, आणि वाळवल्यावर. एकदाच मोजलं तर मेल्या एवढंच कळतं, कुठे मेल्या ते कळत नाही. माझ्या पेशी गोठताना फारशा मरत नव्हत्या. बहुतेक वाळताना जात होत्या.

पाणी काढून घेतलं की पेशीच्या पटलातले मेदाचे रेणू एकमेकांना खेटतात आणि थिजतात. तिथे पाण्याची जागा धरायला कुणीतरी लागतं. ट्रेहॅलोज ही साखर ते काम करते, आणि यीस्ट ती स्वतःही बनवतं, विशेषतः उपासमार सुरू झाल्यावर. म्हणून भर वाढीतल्या पेशींपेक्षा वाढ थांबलेल्या पेशी वाळवण सोसतात. मी वाढवण्याचा वेळ २४ तासांवरून ४८ तासांवर नेला आणि बाहेरून १० टक्के स्किम्ड मिल्क आणि १० टक्के ट्रेहॅलोज घातलं. दुधातली प्रथिनं पेशींभोवती लेप धरतात आणि वडीला अंगही देतात.

यातही एक फजिती झाली. दूध मी नेहमीच्या सवयीने ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांना ठेवलं, आणि घाईत त्यात ट्रेहॅलोजऐवजी शेजारच्या बाटलीतलं ग्लुकोज पडलं होतं. बाहेर आलं ते तपकिरी, तळाशी गुठळ्या. ग्लुकोज प्रथिनांशी अभिक्रिया करून करपतं. ट्रेहॅलोज तसं करत नाही, आणि नंतर व्हायलमध्ये महिनोन्‌महिने पडून राहतानाही तो गुण कामी येतो. पुढे दूध वेगळं, कमी तापमानाला आणि थोडाच वेळ निर्जंतुक केलं, साखर वेगळी गाळून घेतली.

या खेपेत एक शून्यसुद्धा पुरतं उडालं नाही. मी खूश. लगेच सफरचंदं घेतली, दोन टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दोन मिनिटं बुडवून धुतली, वाळवली. फळाच्या मध्यावर ३ मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल जखम केली. त्यात मिलिलिटरमागे १० कोटी जिवंत पेशी असलेलं २० मायक्रोलिटर द्रावण सोडलं. दोन तासांनी बुरशीचे बीजाणू, मिलिलिटरमागे ५० हजार, १५ मायक्रोलिटर. हिशेब केला तर एका जखमेत यीस्टच्या २० लाख पेशी आणि समोर बुरशीचे साडेसातशे बीजाणू. इतकी एकतर्फी लढत. तळाशी ओला कागद घातलेल्या डब्यात फळं ठेवली, झाकण लावलं, आणि सहा दिवसांनी सुरुवातीला सांगितलं ते दृश्य पाहिलं.

आधी मला वाटलं बीजाणूंचं द्रावण चुकलं. पुन्हा मोजलं, बरोबर होतं. मग वाटलं यीस्टची मोजणी चुकली. पुन्हा प्लेटा घातल्या. तिसऱ्या दिवशी तांबड्या कॉलनी नीट उगवल्या, आकडा तोच. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "तुझं यीस्ट जिवंत आहे, फक्त कामचुकार आहे." मला तेव्हा हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी. हे दोन शब्द वहीत लिहिताना मी अडखळले. ताज्या पेशींच्या कॉलनी दुसऱ्याच दिवशी मोजण्याइतक्या होतात. वाळवलेल्यांना एक दिवस जास्त लागत होता, आणि मी तो निमूट देत होते. प्लेटवर वाट पाहायला हरकत नाही, तिथे भरपूर खाणं आणि स्पर्धक कुणी नाही. जखमेत मात्र बीजाणू थांबत नाहीत. पेनिसिलियमचा बीजाणू अशा उबेत साधारण दिवसभरात अंकुरतो, आणि तंतू एकदा फळाच्या मांसात शिरले की वर कितीही यीस्ट ओता, आत काही पोचत नाही. माझ्या २० लाख पेशी जागा धरून बसल्या होत्या खऱ्या, पण झोपेत.

हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "झोपेत की जखमी? आधी ते बघ." आणि मिठाच्या प्लेटा घालायला सांगितल्या. युक्ती साधी आहे. एकच द्रावण साध्या प्लेटवर आणि मीठ घातलेल्या प्लेटवर पसरायचं. मीठ इतकंच घ्यायचं की धडधाकट पेशीला फरक पडू नये. ज्या पेशीचं पटल फाटलेलं आहे ती साध्या प्लेटवर स्वतःला दुरुस्त करून वाढते, मिठाच्या प्लेटवर तिला ते जमत नाही. दोन आकड्यांतला फरक म्हणजे जखमी पेशी. माझ्या ताज्या पेशी दोन्हीकडे सारख्या आल्या. वाळवलेल्यांच्या मिठाच्या प्लेटवर चार-दोन कॉलनी, बाकी मोकळं मैदान.

म्हणजे जवळपास सगळ्याच घायाळ. आणि ते घाव वाळवताना झाले की उठवताना? उठवण्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. माझ्या पद्धतीत तिथे एकच ओळ होती: 'निर्जंतुक पाणी घालून विरघळवणे'. ते पाणी मी फ्रिजमधून काढत होते, चार अंशांचं. बाटली तिथेच असायची म्हणून, दुसरं कारण नाही. आणि ओतून लगेच व्होर्टेक्स या जोरात ढवळणाऱ्या यंत्रावर गरगर फिरवत होते.

थिजलेल्या पटलात पाणी एकदम घुसलं की ते पुन्हा सैल होत असताना गळतं, आतला माल बाहेर सांडतो. पाणी कोमट असेल तर पटल आधीच मऊ असतं आणि गळती कमी होते. पावाच्या वाळलेल्या यीस्टला ३५ ते ४० अंशांचं पाणी द्यायला सांगतात ते यासाठीच. मी उत्साहाने तेच केलं, ३८ अंश. माझी मोजणी उलट घसरली. पावाच्या यीस्टला जे सुखाचं वाटतं ते फळाफुलांवर राहणाऱ्या माझ्या यीस्टला ताप आल्यासारखं होत असावं. शेवटी २८ अंशांवर थांबले, म्हणजे ते वाढतं त्याच तापमानावर. पाण्याऐवजी १० टक्के दूध, व्हायलमध्ये मूळ जितकं द्रावण होतं तितकंच. अर्धा तास न हलवता. मग थोडं थोडं पाणी घालून पातळ करायचं. मिठाच्या प्लेटा भरल्या. साध्या प्लेटेपेक्षा थोड्या कमी, पण भरल्या.

आता डबा उघडेन तेव्हा जखमा कोरड्या असतील असं धरून चालले होते. तर सड जवळजवळ होती तितकीच. या वेळी मात्र नशिबाने मी एक जास्तीचा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा संच, ठेवला होता: यीस्टशिवाय नुसतं दूध-साखर, त्यावर बीजाणू. त्या फळांवरची वर्तुळं नुसत्या पाण्यावाल्या फळांपेक्षाही मोठी होती. सफरचंदात साखरेला तोटा नाही, तुटवडा असतो तो नायट्रोजनचा. यीस्टची सगळी मदार बुरशीच्या आधी तो नायट्रोजन पळवण्यावर. आणि मी दुधाच्या रूपाने तोच वाढून ठेवत होते, दोघांनाही पोटभर. हा कंट्रोल पहिल्या डब्यातच असायला हवा होता. तो का नव्हता, याचं माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नाही.

दूध टाळता येईना, कारण त्याच्याविना पेशी जगत नव्हत्या. सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवून, धुवावं, तर नुकत्या उठलेल्या पेशींना पुन्हा धक्का, आणि दुधाचा साका तळाशी पेशींसोबतच बसतो. मार्ग निघाला तो व्हायल भरण्याच्या पायरीवर. पेशी दसपट दाट करून वाळवल्या, मिलिलिटरमागे १,००० कोटींच्या आसपास. आता १० कोटींवर आणायला शंभरपट पाणी घालावं लागतं आणि वडीतलं आणि उठवतानाचं मिळून दूध आपोआप ०.२ टक्क्यावर येतं. दाट पेशी वाळवण जास्त सोसतात असंही दिसलं, तो वरचा फायदा. तेवढं पातळ दूध एकटं जखमेत घातलं तर सड पाण्याइतकीच राहिली.

मधल्या काळात कुणीतरी सुचवलं होतं की पेशी अर्ध्या मरत असतील तर भुकटी दुप्पट घाल, प्रश्न मिटला. तसं होत नाही. मेलेल्या पेशी फुटून त्यांच्यातलाही नायट्रोजन जखमेत सांडतो. म्हणजे वाईट वाळवलेलं यीस्ट दुप्पट घालणं हे बुरशीला जेवण पाठवणंच. जिवंत किती यासोबत मेलेले किती हेही तेव्हापासून मोजते. मिथिलीन ब्लू घातलं की मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, पाच मिनिटांचं काम.

साठवणीबद्दल थोडक्यात. अर्ध्या व्हायल फ्रिजमध्ये, अर्ध्या ड्रॉवरमध्ये, सगळ्या निर्वातात सीलबंद. तीन महिन्यांनी फ्रिजमधल्या जवळपास जशाच्या तशा, ड्रॉवरमधल्यांची दोन शून्यं उडालेली. एका व्हायलचं बूच नीट बसलं नव्हतं. तिच्यातली वडी आक्रसून तळाला चिकटली होती आणि प्लेटवर काहीच आलं नाही. वाळवलेल्या पेशीला ओल आणि हवा दोन्ही सोसत नाहीत.

अजून एक परीक्षा बाकी होती. दाट वाळवलेलं, दुधात उठवलेलं, शंभरपट पातळ केलेलं यीस्ट आणि त्याच दिवशीचं ताजं यीस्ट, दोन्ही जिवंत पेशींच्या हिशेबाने अगदी सारखी, शेजारी शेजारी. एका संचात बीजाणू दोन तासांनी, दुसऱ्यात २४ तासांनी. २४ तासांच्या संचात दोघांत फरक ओळखू येईना. दोन तासांच्या संचात ताजं अजूनही थोडं पुढे होतं. म्हणजे उठायला लागणारा वेळ कमी झालाय, संपलेला नाही. आणि गोदामात २४ तासांची सवलत कोण देणार? फळ तोडताना जखम होते तेव्हा बीजाणू तिथे हजरच असतात. त्यावर सध्या एक करून बघतेय. उठवल्यावर दोन-तीन तास अगदी पातळ साखरेच्या पाण्यात हलवत ठेवायचं आणि मग लावायचं. पहिल्या दोन डब्यांत बरं दिसतंय.

शेवटच्या डब्यात दहा सफरचंदं होती. आठांच्या जखमा कडेने तपकिरी होऊन सुकल्या होत्या, खपली धरल्यासारख्या. दोन सडली होती. मी वैतागून ती मध्ये चिरली. जखमेखालचं मांस दोन्हीत पांढरं आणि घट्ट होतं. तपकिरी भाग बियांच्या पोकळीपासून सुरू होऊन बाहेर आला होता. बुरशी फुलाच्या टोकाकडून कधीचीच आत जाऊन बसलेली असणार, फळ माझ्या हातात येण्याच्याही आधी. त्यावर यीस्टचा इलाज चालत नाही, ताज्या यीस्टचाही नाही. वहीत त्या दोघांसाठी वेगळा रकाना आखला आणि पुढच्या खेपेचं दूध वितळायला ठेवलं.